टाकीतला पेट्रोल फिल्टर : बदलायचा का, आणि बदलायचाच तर कसा

समृद्धीवर वर्धा मागे टाकलं आणि गाडी ऐंशीच्या पुढे जायलाच तयार होईना. ॲक्सिलरेटर दाबला की आचका, सोडला की ठीक. कुणी मागून दोरी धरून ओढतंय असं वाटावं. नागपूरला परतल्यावर तीन ठिकाणी दाखवली. तिन्ही ठिकाणी बोनेट उघडायच्या आधीच निदान तयार होतं : "टाकीतला फिल्टर चोक झाला भाऊ. पूर्ण असेंब्लीच टाकून घ्या." चौथ्या मिस्त्रींनी मागची सीट उचलली, पंपाच्या प्लगच्या वायरी बोटाने हलवून पाहिल्या, मीटर लावला आणि म्हणाले, "फिल्टर नाही गेला भाऊ, तुमच्या गाडीचा अर्थच गेला."

अर्थ म्हणजे अर्थिंग. पंपाची अर्थिंगची वायर जिथे बॉडीला कसली होती तिथे हिरवा गंज चढला होता, आणि पंपाला पुरेसा करंटच पोचत नव्हता. पॉलिश पेपर मारला, वायरीच्या टोकाला नवीन थिंबल, म्हणजे धातूची कडी, लावलं, अर्ध्या तासात गाडी पळायला लागली.

त्याच गाडीचा फिल्टर मी दोन वर्षांनी बदलला, पण वेगळ्या कारणाने. ते पुढे येईलच. हे लिहितोय ते पहिल्यांदा या कामाचा विचार करणाऱ्यांसाठी, आणि यातला बराच भाग काम न करण्याबद्दल आहे. निराश होऊ नका. पेट्रोलच्या टाकीचं झाकण हौसेने उघडायचं नसतं, एवढंच.

फिल्टर आहे कुठे?

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंजिनाजवळ बोटभर लांबीचा पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर असायचा. दोन क्लिपा सोडल्या की काम झालं. नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांपैकी कित्येकांत तो गाडीच्या पोटाखाली, टाकीजवळ, धातूच्या डबीत आला. आणि आता बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो टाकीच्या आतच, पंपाच्या जोडीने बसलेला असतो. मिस्त्री लोक या सगळ्या जोडकामाला पंप असेंब्ली म्हणतात.

या असेंब्लीत काय काय असतं ते समजून घेतलं तर अर्धा गोंधळ मिटतो. सगळ्यात खाली मऊ कापडी पिशवीसारखी जाळी असते. ती मोठा कचरा अडवते. तिच्यावर विजेवर चालणारा पंप. पंपानंतर बारीक फिल्टर, साधारण १० मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवणारा. माणसाचा केस जाडीला सुमारे ७० मायक्रॉन असतो, त्यावरून अंदाज करा. मग दाब ठरावीक ठेवणारा प्रेशर रेग्युलेटर, आणि बाजूला तारेच्या टोकाला लावलेला फ्लोट, ज्याच्यावर डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा चालतो. म्हणजे "फिल्टर" हा एक शब्द दोन वस्तूंसाठी वापरला जातो, खालची जाळी आणि वरचा बारीक फिल्टर. गॅरेजमध्ये कुणी "फिल्टर बदलला" म्हणालं तर पहिला प्रश्न हाच : कोणता? कारण पुष्कळदा बदललेली असते फक्त जाळी.

डिझेल गाडीवाल्यांचा फिल्टर बहुधा बोनेटखाली असतो. त्यात पाणी साचतं, ते काढायला खाली बूच असतं, आणि तो ठरल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. ते काम वेगळं, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

बदलायची वेळ आली आहे का?

गाडीसोबत मिळालेलं पुस्तक काढा. ग्लोव्ह बॉक्समध्ये, इन्शुरन्सच्या जुन्या कागदांखाली असेल. त्यात मागे देखभालीचा तक्ता असतो. काही कंपन्या त्यात "आर" म्हणजे बदला आणि "आय" म्हणजे तपासा अशी अक्षरं वापरतात. इंधन फिल्टरची ओळ शोधा. टाकीतल्या फिल्टरच्या बऱ्याच गाड्यांत ही ओळ सापडतच नाही, किंवा बदलायचा आकडा फार लांबचा असतो. कंपनीच्या लेखी तो गाडीच्या आयुष्यभराचा भाग असतो. ओळ असेल तर ती पाळा. नसेल तर "चाळीस हजार झाले, आता टाकायलाच पाहिजे" असं कुणी सांगितलं म्हणून टाकी उघडू नका.

"आयुष्यभर" या शब्दावर माझा आंधळा विश्वास नाही, हेही सांगून टाकतो. कंपनीचं आयुष्य आणि आपण गाडी वापरतो ते आयुष्य यात फरक पडतो. पण टाकी उघडण्यातही जोखीम असते. बारा-पंधरा वर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक असतं, पाइपाचा एक कान तुटला की शंभर रुपयांच्या जाळीपायी पूर्ण पाइप बदलावा लागतो. त्यामुळे माझा नियम साधा आहे. लक्षण असेल आणि मोजमापाने ते सिद्ध झालं असेल, तर उघडायचं. किंवा पंप तसाही बाहेर येणार असेल तर त्याच वेळी जाळी आणि फिल्टर दोन्ही नवे टाकायचे.

लक्षणं कोणती? सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडी दम सोडते, पण गावात तीस-चाळीसच्या वेगाने मात्र नीट चालते. मागच्या सीटखालून पंपाची कण्हल्यासारखी घुंघुं वाढते. जाळी तुंबली की पंपाला खालून पेट्रोल ओढायला त्रास होतो, तो आवाज करतो आणि तापतो. बारीक फिल्टर तुंबला की पंपाला वर ढकलायला जोर लावावा लागतो. दोन्हींत शेवटी पंपच मरतो.

आता गंमत अशी की हीच लक्षणं दुसऱ्या कारणांनीही येतात. प्लग, इग्निशन कॉइल, घाण झालेली थ्रॉटल बॉडी, एअर फिल्टर, पंपाचा रिले (त्याला करंट देणारा स्विच), आणि माझ्यासारखा गेलेला अर्थ. म्हणून टाकीपर्यंत जाण्याआधी या क्रमाने जा.

पहिलं, स्कॅनर लावा, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असं सांगणारा पी०१७१ सारखा कोड आला किंवा इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती (लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक स्वतःहून पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय) सतत अधिक १५ टक्क्यांच्या पुढे दिसली, आणि जोर लावल्यावर ती आणखी वाढत गेली, तर पेट्रोल कमी पोचतंय अशी शंका घ्यायला जागा आहे. शंकाच, पुरावा नाही. हवा गळत असली तरी हाच कोड येतो. मे २०२४ मध्ये आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं आणि देशभर बातम्या झाल्या. मग हवामान खात्याने सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. स्कॅनरवरचा आकडा वाचताना मला तो दिवस आठवतो.

दुसरं, पंपाच्या प्लगवर व्होल्टेज मोजा, पण पंप चालू असताना. बंद पंपावर गंजलेली वायरसुद्धा पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या अर्थपर्यंत अर्धा व्होल्ट फरक दिसला तरी तो फार झाला. हे मीटरने पाच मिनिटांत होतं आणि टाकीला हातही लागत नाही. माझे हजारो रुपये याच पाच मिनिटांनी वाचले.

तिसरं, प्रेशर गेज. पंपाच्या लाइनवर गेज जोडून दाब बघतात. साध्या एमपीएफआय गाडीत तो साधारण ३ ते ४ बार असतो, पण तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच खरा मानायचा. आयडलला दाब ठीक आणि रेस दिल्यावर पडतोय, वायरिंग निर्दोष आहे, तर मग जाळी, फिल्टर किंवा पंप, यांपैकी काहीतरी. हे काम गॅरेजमध्ये करून घ्या. गेज जोडताना दाबाखालचं पेट्रोल उडतं. आणि गाडी थेट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल असेल तर इंजिनावरच्या उच्च दाबाच्या लाइनला स्वतः कधीच हात लावू नका. तिथे दाब शेकडो बारमध्ये असतो.

नागपूरचं ऊन, पाऊस आणि पेट्रोल

कोरडी धूळ आपल्याकडे कमी नाही, पण ती टाकीत जाते कशी हा प्रश्न कुणी विचारत नाही. टाकी बंद असते. धूळ जाते ती झाकण उघडं ठेवून, घाणेरड्या कॅनमधून पेट्रोल ओतून, किंवा याच कामात सीट उचलल्यावर झाकणावर साचलेली माती न झाडता टाकी उघडल्याने. म्हणजे फिल्टर बदलणाराच फिल्टर तुंबवतो. बाकी जाळीवर जे येतं ते टाकीच्या आतला गंज, जुन्या रबराचे कण आणि पाणी.

पाण्याचं थोडं सविस्तर. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत विरघळवून घेतं, तेवढं जळूनही जातं. पण पाणी मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने तळाशी बसतात, नेमके जाळीच्या तोंडाशी. मग गाडी सकाळी एकदा सुरू होऊन बंद पडते. हे तपासायला थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर फिल्टर बदलून काही होणार नाही. आधी टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घ्यावी लागेल.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट भागातल्या गाड्या पाण्यात गेल्या, ते आठवत असेल. अशी पाण्यात बसलेली गाडी घेतली असेल किंवा तुमचीच असेल तर फिल्टर ही शेवटची काळजी. टाकीच्या हवा जायच्या नळीतून पाणी आत जाऊ शकतं. चाबी न फिरवता गाडी उचलून न्या आणि टाकी, लाइन, पंप सगळं उघडून घ्या.

एक समजूत इथे खोडून टाकतो. "रिझर्व्हवर गाडी चालवली की तळाचा गाळ ओढला जातो." पंप टाकी भरलेली असतानाही तळातूनच ओढतो. जाळी तिथेच आहे. रिझर्व्हवर सतत चालवू नये हे खरं, पण त्याचं कारण वेगळं : पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तशा दिवशी डांबरावरून तापत आलेल्या टाकीत दोन लिटर पेट्रोल घेऊन फिरलं तर पंपाचं काय होत असेल? सीएनजी बसवलेल्यांनी तर हे जास्त लक्षात ठेवावं. पेट्रोलच्या टाकीत दोन-तीन लिटर महिनोन्महिने तसंच पडून असतं. ते शिळं होतं, आणि एका दिवशी सीएनजी संपला की गाडी पेट्रोलवर घरघरायला लागते.

माझा पंप असाच गेला. गाडी महिनोन्महिने कमी पेट्रोलवर फिरत होती, चूक माझीच. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, दुपारी तापलेली गाडी सुरूच होईना, संध्याकाळी गार झाल्यावर आपसूक सुरू. पंपाची मोटर तापली की अडकत होती. पंप बदलायचाच होता, म्हणून जाळी आणि फिल्टर त्याच वेळी टाकले.

कुठे आणि कधी करायचं

पेट्रोल आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं देशाचं मुख्य कार्यालय, पेसो, आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. ज्यांचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ लागते ते तापमान, २३ अंशांखाली, त्या इंधनांना नियमांत सर्वांत धोक्याचा "अ" वर्ग आहे. पेट्रोलचा शून्याखाली सुमारे ४० अंश आहे. म्हणजे नागपूरच्या डिसेंबरच्या पहाटेसुद्धा त्याची वाफ पेट घेते. हवेत शेकडा दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली तरी ठिणगी पुरते. आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर उडून न जाता जमिनीवरून सरपटत जाते.

त्यामुळे :

फ्लॅट स्कीमच्या बेसमेंटमध्ये हे काम अजिबात नाही. खाली उतरलेली वाफ तिथून निघतच नाही. बंद शटरच्या गॅरेजमध्येही नाही. उघडं अंगण, सावली, आणि वारा खेळता हवा.

उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी सहाला. दुपारी टाकीचं झाकण सोडताच वाफेचा फूत्कार येतो. शक्य असेल तर दिवाळीनंतरच ठेवा. पण थंडीत हवा कोरडी असते आणि टेरिकॉटचे, नायलॉनचे कपडे अंगावर तडतडतात, तीच ठिणगी. सुती कपडे घाला आणि टाकीला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा.

कूलर बंद. पहिल्या वेळी मी पोर्चमध्ये काम करत होतो आणि हॉलच्या खिडकीतला कूलर माझ्याकडेच हवा फेकत होता. बरं वाटत होतं. शेजारचे काका येऊन ओरडले तेव्हा कळलं की त्याच्या मोटरचा आणि स्विचचा स्पार्क माझ्यापासून सात फुटांवर होता. गिझर, शेगडी, इन्व्हर्टर, देवघरातली समई, सगळं लक्षात घ्या. मदतीला येणाऱ्याने खर्रा खाल्ला तर त्याची मर्जी, पण बिडी-सिगारेटवाल्याला गेटबाहेर उभं करा. मोबाइल घरात.

हाताशी एबीसी पावडरचा अग्निशामक ठेवा, आणि तो पिन काढून चालवायचा कसा हे आधीच वाचून ठेवा. वाळूची बादलीही चालते. पाणी नको, पेट्रोल पाण्यावर तरंगत जळत पसरतं. एकट्याने करू नका.

सामान

जाळी आणि फिल्टर चासिस नंबर सांगून मागवा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक असेंब्ली बदलते. दुकानदार "सगळ्यांना एकच बसतो" म्हणाला तर उठून यावं. काही गाड्यांत बारीक फिल्टर सुटा मिळतो, काहींत पंपासह अख्खी असेंब्लीच घ्यावी लागते. हे आधी कळलं तर टाकी उघडी ठेवून दुकानात पळावं लागत नाही. बनावट फिल्टरचा बाजार मोठा आहे. त्याचा कागद ओला होऊन सुटतो आणि तोच कचरा इंजेक्टरात जातो.

टाकीच्या तोंडाची रबरी ओ-रिंग नवीनच हवी. जुनी पेट्रोलने फुगलेली असते. बाहेर काढल्यावर ती खाचेत परत बसतच नाही. ही तीस-चाळीस रुपयांची कंजुषी मी एकदा करून पाहिली आहे. महिनाभर गाडीत पेट्रोलचा वास आणि बायकोची बोलणी, दोन्ही खाल्ली.

आतली नळी बदलायची असेल तर पेट्रोलमध्ये बुडून राहायला बनवलेलीच घ्या. बाहेर वापरायची साधी रबरी नळी आतून-बाहेरून भिजून गळते. नायट्राइल हातमोजे, चश्मा, सुती फडकी, पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही अशी परात, लाकडी ठोकळा, १० नंबरचा पाना. असेंब्लीला टाकीच्या तोंडावर घट्ट धरणाऱ्या लॉक रिंगचा पाना मिळाला तर उत्तम.

काम

टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल असताना करा. जास्त असेल तर दोन दिवस गाडी फिरवा. नळी तोंडात धरून ओढायचं नाही. फुप्फुसात गेलेलं चमचाभर पेट्रोलही दवाखान्यात नेतं.

आता लाइनमधला दाब काढायचा. पंपाचा फ्युज किंवा रिले काढा, गाडी सुरू करा. लाइनमधलं पेट्रोल संपून ती बंद पडेल. एकदा-दोनदा सेल्फ मारा. फ्युज काढल्याचा कोड नोंदला जाईल, त्याची चिंता नको. मग बॅटरीचा मायनस काढा आणि केबल बाजूला बांधा. आता टाकीचं बाहेरचं झाकण सोडून वाफ जाऊ द्या. हा क्रम उलटा करू नका. बॅटरी काढताना ठिणगी पडते, ती टाकी उघडायच्या आधी पडलेली बरी.

मागच्या सीटची बैठक उचला. बहुतेक गाड्यांत पुढच्या कडेला दोन क्लिपा असतात, वर जोरात खेचल्या की सुटतात. काहींत बोल्ट. खाली पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं गोल झाकण दिसेल. दिसलं नाही, तर तुमच्या गाडीत टाकी खालून उतरवावी लागते. इथून पुढचं काम गॅरेजचं. जॅकवर उभ्या गाडीखाली भरलेली टाकी पोटावर घेणं हे शिकाऊ माणसाचं काम नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

झाकण काढलं की मातीचा थर दिसेल. इथे दहा मिनिटं घाला. ब्रशने आणि ओल्या फडक्याने रिंगच्या खाचेपर्यंत पुसा. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा तर आत्ताच, टाकी बंद असताना, आणि वास येत नसेल तरच. उघड्या टाकीजवळ त्याची मोटर चालवणं म्हणजे आगकाडी ओढणं.

पुढे मोबाइल जवळ नसेल, म्हणून टाकी बंद असतानाच फोटो काढून घ्या : प्लग कुठे, नळ्या कुठल्या बाजूला, असेंब्लीवरचा बाण कुठे. मग मोबाइल परत घरात.

प्लगची कडी दाबून प्लग काढा. नळीच्या क्विक कपलरवर (टोकाच्या, कान दाबून सुटणाऱ्या जोडावर) फडकं गुंडाळा. आधी नळी आत दाबा, मग दोन्ही बाजूंचे कान दाबा, मग सरळ मागे ओढा. आत दाबायला लोक विसरतात आणि मग पेचकसाने उचकटतात. जुनं प्लास्टिक तिथेच तुटतं. थोडं पेट्रोल येईलच, फडक्यात घ्या. दोन नळ्या असतील तर एकीवर चिकटपट्टी लावा.

लॉक रिंग घड्याळाच्या उलट सुटते. पाना नसेल तर लाकडी ठोकळ्याने कडेला हलके-हलके, फिरत्या जागी ठोका. लोखंडी छिन्नी-हातोडा नाही. काही गाड्यांत रिंगऐवजी छोटे बोल्ट असतात, ते समोरासमोरचे आळीपाळीने सोडा. रिंग सुटली की असेंब्ली स्प्रिंगने थोडी वर येते.

आता ती हळू उचला. अर्धी वर आली की थांबा, तिच्या कपातलं पेट्रोल टाकीतच निथळू द्या. मग तिरपी करत काढा, कारण बाजूला फ्लोटची तार आहे. ती वाकली की पुढे काटा आयुष्यभर खोटं बोलतो. परातीत ठेवा, टाकीचं तोंड लगेच स्वच्छ फडक्याने झाका.

जाळी बघा. हलकी पिवळसर असेल तर चालणारी होती. काळी किंवा तांबूस गंजाची असेल, तर टाकीत टॉर्चने एकदा डोकावून पाहा. टॉर्च टाकीपासून दूर चालू करून आणा, वर आणून बटण दाबू नका. तळाशी गाळ किंवा पाण्याचे थेंब लोळताना दिसले तर नवी जाळी तशीच बसवू नका. टाकी साफ होऊ द्या.

जाळी एका क्लिपेवर बसते. कोणत्या कोनात होती ते पाहून तशीच नवी बसवा. उलटी बसली तर ती टाकीच्या तळाला दुमडते. बारीक फिल्टर सुटा असेल तर त्याच्या डबीचे कान हलकेच मोकळे करून बदला, आतल्या छोट्या ओ-रिंगा मोजून परत घाला. पंपाची छोटी वायर जोडताना प्लस-मायनस पाहा. उलटा फिरणारा पंप आवाज करतो, पेट्रोल देत नाही.

नवी मोठी ओ-रिंग खाचेत बसवा, हवं तर दोन थेंब स्वच्छ पेट्रोल लावा. ग्रीस, फेविबॉण्ड, सिलिकॉन काही नाही. असेंब्ली तिरपी करत आत, बाण जुळवा, एका हाताने दाबून धरा आणि रिंग हातानेच पहिले आटे धरेपर्यंत फिरवा. आटे चुकून वाकडे धरले की गळती ठरलेली. सहज फिरत नसेल तर मागे घेऊन पुन्हा. शेवटची कसणी मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने. नळी "टक्" आवाज येईपर्यंत दाबा आणि ओढून पाहा. प्लग लावा.

सुरू करताना

आता मायनस, मग फ्युज. सेल्फ मारायची घाई करू नका. चाबी ऑनला न्या, पंप दोन-तीन सेकंद चालून थांबेल. बंद करा. असं तीन-चार वेळा. दर वेळी मदतनिसाने रिंग आणि कपलरभोवती टॉर्चने पाहायचं, कोरड्या टिशूने पुसून बघायचं. टिशू ओला झाला तर थांबा. कोरडा राहिला तर गाडी सुरू करा आणि दहा मिनिटं चालू ठेवून पुन्हा पाहा. बॅटरी काढल्यामुळे सुरुवातीला आयडल वरखाली होईल, घड्याळ चुकेल, काचेचं ऑटो बटण कदाचित नव्याने शिकवावं लागेल.

गोल झाकण लावा, पण सीट लगेच बसवू नका. गाडी टाकी फुल करून आणा. पाव टाकीला गळत नाही ते फुल टाकीला गळतं, कारण पेट्रोल तेव्हा रिंगपर्यंत पोचतं. रात्रभर काचा बंद करून ठेवा आणि सकाळी दार उघडताच नाक लावा. वास नसेल तर सीट बसवा. माझ्या त्या ओ-रिंगच्या वेळी मी फुल टाकीची पायरी गाळली होती.

कोड पुसून घ्या आणि आठवडाभराने पुन्हा स्कॅनर लावून ती दीर्घकालीन दुरुस्ती खाली आली का ते बघा. समृद्धीवर नेऊन पळवूनच बघायची गरज नाही. बुटीबोरीपर्यंत वर्धा रोडने एक फेरी पुरे.

परातीत उरलेलं घाण पेट्रोल नालीत ओतायचं नाही. ते झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून, पेट्रोलने भिजलेल्या फडक्यांसह, जुना ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. फडकी आधी बाहेर दोरीवर सुटी वाळवा. आणि सीटखालच्या गोल झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, किलोमीटर आणि "जाळी + फिल्टर + रिंग नवी" असं लिहून ठेवा. माझ्या झाकणावर ते लिहिलेलं आहे. त्याखाली अर्थच्या वायरीकडे दाखवणारा एक बाणही काढला आहे.